दिसला नाही, हेही लिहा

माहुलच्या जेटीवर बसून पाण्यात हात घातला तर मनगटापुढचं काही दिसत नाही. ठाण्याच्या खाडीचा गाळ, भरती-ओहोटीची ओढ आणि पाठीशी तेलशुद्धीकरण कारखान्यांचे मनोरे. अशा गावातली बाई ‘मी पाण्याखाली जाऊन मासे मोजते’ म्हणाली की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, ‘कुठे?’ मालवणला. थंडीत, रजा टाकून, पदरमोड करून. उरलेलं वर्षभर इथेच माहुलला, पाण्यात न उतरता.

मी चेंबूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. माहेर आणि सासर दोन्ही कोळ्यांचं. त्यामुळे माशांची ओळख टोपलीतून आणि ताटातून झाली. पाण्यातला जिवंत मासा मात्र चाळिशीला टेकल्यावर पाहिला, तारकर्लीला स्कूबा शिकले तेव्हा. हौशी पाणबुड्यांनी मासे मोजायची रीत जगात जुनी आहे. फ्लोरिडातल्या ‘रीफ’ या संस्थेचा उपक्रम १९९३ पासून चालू आहे आणि त्याची कल्पना अमेरिकेतल्या नाताळातल्या पक्षीगणनेवरून सुचलेली. ‘रीफ चेक’ची पहिली जागतिक पाहणी १९९७ सालची. आपल्याकडे पाणबुडे थोडे आणि मोजणारे त्याहून थोडे. आमचा गट म्हणजे एक दंतवैद्य, एक बँकेतले गृहस्थ, दोन विद्यार्थी आणि मी. शास्त्रज्ञ कोणीच नाही. या उद्योगातून हाती लागलेल्या गोष्टी पुढे मांडते. त्यात काही लांबल्या आहेत, काही चार ओळींत आटोपल्या.

१. आधी थांबायला शिका

पोहता येणं वेगळं आणि पाण्यात जागच्या जागी थांबता येणं वेगळं. पोहणाऱ्याचे हात सवयीने चालत राहतात. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची ‘इसदा’ ही स्कूबा शिकवणारी संस्था आहे. तिथल्या खोल तलावात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून घेतात. हात छातीशी, श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. पर्यटकाला हे थोडंफार जमलं तरी भागतं. मोजणाऱ्याच्या एका हातात पाटी आणि दुसऱ्यात पेन्सिल असते, तोल सावरायला हातच उरत नाही.

पायातल्या फिनचा एक फटका तळाला लागला की वाळू उठते आणि पुढची काही मिनिटं मासाही दिसत नाही, टेपही दिसत नाही. प्रवाळाला लागला तर बोटभर वाढायला वर्षं घेणारी वसाहत एका लाथेत मोडते. आणखी एक गंमत आहे. तुम्ही धडपडलात की मोठे मासे आधी निघून जातात आणि काही लहान मासे उलट गोळा होतात, कारण उठलेल्या वाळूत त्यांना किडे मिळतात. म्हणजे मोजायच्या आधीच आकडा बदलला, आणि तो तुम्हीच बदललात.

२. दहा मासे पक्के करा, शंभराच्या मागे लागू नका

नवा माणूस पुस्तक घेऊन येतो आणि पहिल्याच डुबकीत सगळ्या जाती ओळखायला बघतो. ‘रीफ चेक’वाल्यांनी यावर चांगला तोडगा काढला आहे. सगळे मासे न मोजता काही ठरावीक कुळं मोजायची, ज्यांच्यावरून खडकाची तब्येत कळते. फुलपाखरू मासे, पोपट मासे, तांबोशीच्या कुळातले, गोब्रे, वाम. गोब्रा तीस सेंटिमीटरच्या वर असेल तरच धरायचा, पोपट मासा वीसच्या वर. सामान्य माणसाला पाण्याखाली हे जमतं आणि दहा माणसांनी मोजलं तरी आकडे फार लांब जात नाहीत.

ओळखताना रंगावर विसंबू नका. पाच-सात मीटर खाली गेलं की तांबडा रंग विरायला लागतो आणि बाजारात लालभडक दिसणारी तांबोशी तिथे मळकट तपकिरी दिसते. पोपट माशाची मादी करड्या रंगाची आणि नर हिरवा-निळा, म्हणून नवखा त्यांना दोन जाती समजतो. त्यातून काही माद्या मोठ्या झाल्यावर नर होतात. त्यापेक्षा अंगाची ठेवण बघा, शेपटीचा काप बघा आणि चाल बघा. पोपट मासा छातीजवळचे पर वल्ह्यासारखे मारत जातो. ती चाल एकदा डोळ्यांत बसली की गढूळ पाण्यातही ओळख पटते.

नावांचा घोळ आहेच. आमच्याकडे ज्याला हेकरू म्हणतात त्याला मालवणला गोब्रा. आमच्या वहीत म्हणून तीन रकाने आहेत: माहुलचं नाव, मालवणचं नाव, शास्त्रीय नाव. बँकेतले गृहस्थ चौथा, गोव्यातल्या नावाचा रकाना मागत होते. त्यांना गप्प केलं.

३. लाकडाचे मासे कापा

पाण्यात मास्कमधून बघितलं की वस्तू खरी असते त्यापेक्षा जवळ आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. त्यामुळे प्रत्येक पाणबुड्याचा मासा हातभर असतो. मोजणीत हे चालत नाही, कारण लांबीवर बरंच काही ठरतं. गोब्र्याच्या कित्येक जाती आधी मादी असतात आणि वाढल्यावर नर होतात. मोठेच वेचून मारले तर नर संपतात, आणि हे नुसत्या संख्येवरून कळत नाही.

यावर उपाय घरगुती आहे. प्लायवूडचे मासे कापायचे, दहा सेंटिमीटरपासून पन्नासपर्यंत, प्रत्येकाच्या पाठीवर खरी लांबी लिहायची, खाली शिसाची गोळी बांधायची आणि ओळखीच्या पोहण्याच्या तलावात गर्दी नसेल तेव्हा सोडायचे. एकाने सोडायचे, बाकीच्यांनी तीन-चार मीटरवरून अंदाज लिहायचा आणि मग पाठ बघायची. आमच्या गटातले दंतवैद्य यात पहिल्यापासून सरस. मिलिमीटरचा धंदा त्यांचा. बाकीच्यांना सराव लागला. प्रत्येक मोसमाच्या सुरुवातीला हा खेळ पुन्हा करावा लागतो, कारण मधल्या आठ महिन्यांत डोळा परत सैल होतो.

लाकडी मासे शेजारच्या पोरांना फार आवडतात. त्यातले दोन परत आलेले नाहीत.

४. पद्धत ठरली की तिला हात लावायचा नाही

शंभर मीटरचा टेप एका खोलीवरून तळाशी अंथरायचा. त्यावर वीस-वीस मीटरचे चार तुकडे घ्यायचे आणि दोन तुकड्यांमध्ये पाच मीटर सोडायचे. टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर, म्हणजे पाच मीटर रुंद आणि पाच मीटर उंच असा एक बोगदा मनात धरायचा. बोगद्यात आला तो मासा मोजायचा आणि बाहेर राहिला तो कितीही देखणा असला तरी सोडायचा. टेप अंथरल्यावर पंधरा मिनिटं लांब जाऊन थांबायचं म्हणजे बुजलेले मासे परत येतात. सर्वांत आधी मासे मोजणारा जातो, त्यानंतर शंख-शेवंडी-साळिंदरं मोजणारा आणि शेवटी तळाची नोंद करणारा. क्रम उलटा झाला तर मासेवाल्याच्या वाट्याला रिकामं पाणी येतं.

सगळ्यांना टेप झेपत नाही. त्यांच्यासाठी ‘रीफ’ची पद्धत सोपी आहे. मोकळं फिरायचं, दिसलेली प्रत्येक जात लिहायची आणि संख्येऐवजी चारपैकी एक खूण करायची: एकच, दोन ते दहा, अकरा ते शंभर, शंभरावर. थवा आला की नेमका आकडा कोणीच सांगू शकत नाही, पण दहाच्या आत की शंभराच्या वर हे कोणीही सांगतो. तिथेही दहा मासे नजरेत धरायचे आणि थव्यात असे किती घोळके बसतात ते बघायचं. मागे वळून मोजायचं नाही. मागून आलेला मासा बहुधा मघाचाच असतो.

तरुण मंडळींना दरवर्षी पद्धत सुधारायची असते. कॅमेरा लावू, टेप दोनशेचा करू. सूचना वाईट नसतात. पण यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवता आला नाही तर त्या सुधारणेचं करायचं काय?

५. हवा आधी, मासा नंतर

मोजणाऱ्याचं लक्ष पाटीवर असतं, म्हणून तो साध्या पाणबुड्यापेक्षा धोक्यात असतो. टेपचा एक तुकडा संपला की दाबमापक बघायचं, आपलं आणि जोडीच्या पाणबुड्याचं, म्हणजे बडीचंही. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, मग खाली कितीही मोठा गोब्रा राहिला असो. आणि परतताना कोल्हापूरची गाडी पकडण्याच्या घाईत आंबोली घाट चढू नका. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि रक्तात मुरलेल्या नायट्रोजनच्या दृष्टीने घाट काय आणि विमान काय सारखंच. एकाहून जास्त डुबक्या झाल्या असतील तर निदान १८ तास जाऊ द्या. आम्ही कुडाळहून कोकण रेल्वे धरतो.

६. दिसला नाही, हेही लिहा

हे सगळ्यात अवघड. पाण्यातून वर आलेला माणूस काय दिसलं ते सांगतो. काय दिसलं नाही ते सांगायला लाज वाटते, जणू आपणच कमी पडलो. पण गोब्र्याच्या रकान्यातलं शून्य आणि गोब्र्याचा रिकामा रकाना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिकाम्या रकान्यावरून कळत नाही की मासा नव्हता, की बघितलाच नाही, की लिहायचं राहिलं. आमच्या छापील फॉर्मवर म्हणून कुठलाही रकाना कोरा ठेवता येत नाही. पाण्यातून वर आल्यावर, मास्क उतरवायच्या आधी, बडी एकेक नाव वाचतो आणि मोजणाऱ्याने आकडा सांगायचा. ‘शून्य’ हा शब्द तोंडाने म्हणायचा. पहिल्यांदा लोक पुटपुटतात.

शून्याची भीती दुसऱ्या वाटेनेही येते. मालवणच्या एका खडकावर लागोपाठ काही मोसम मोठ्या गोब्र्याचं शून्य आलं, तेव्हा गटातून सूचना आली की दुसऱ्या खडकावर जाऊ, तिकडे मासा भरपूर आहे. अशाने दोन-तीन वर्षांत सगळ्या जागा मासा असलेल्याच उरतात आणि आलेख छान वर जातो. वाईट जागेवर पुन्हा जाणं हेच खरं काम. तिथे टेप टाकायचा, शंभर मीटर निमूट मोजायचे आणि शून्य घेऊन वर यायचं.

आणि याच्या उलटही होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांच्या होड्या लागतात तिथे पाव आणि बिस्किटं टाकून मासे जमवण्याची सवय पडली आहे, फोटोसाठी. पिवळसर पाठीचे, अंगावर पाच काळे पट्टे असलेले छोटे मासे मास्कवर येऊन आदळतात. एवढे की हात हलवावा लागतो. अशा जागी ‘शंभरावर’ची खूण केली तर ती खोटी नाही, पण तो आकडा पावाचा आहे. आम्ही पाव पडणाऱ्या जागा वेगळ्या यादीत ठेवतो आणि तिथे पर्यटक यायच्या आधी, सकाळी सातच्या सुमारास उतरतो. तरी मासे आमच्याकडे आशेने बघतातच.

७. मागचा आकडा नसेल तर नुकसान सिद्ध होत नाही

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली. तेल सांडलं, कांदळवनांपर्यंत पोचलं आणि मुंबईत लोकांनी काही दिवस मासे घेणंच सोडलं. त्या वेळी गावागावांतून एकच प्रश्न होता: मासा किती कमी झाला? किती होता हे कोणी लिहून ठेवलेलं असेल तर ना सांगणार! जाणत्या नाखव्याचं ‘पूर्वी होडी भरून यायची’ हे म्हणणं खरं असलं तरी कागदावर त्याचं वजन पडत नाही.

खाडीपलीकडे उरणचं बघा. बंदर आणि भरावाच्या कामांमुळे मासेमारी बुडाली म्हणून तिथले पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले आणि २०१५ साली लवादाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. असा आकडा कोणी हवेतून काढत नाही. किती कुटुंबं, किती पाणी गेलं, किती मासा गेला, याचा हिशेब मांडावा लागतो.

डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली एक निरीक्षण मांडलं, की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जेवढा मासा पाहते तेवढ्यालाच पुरेपूर मानते आणि त्यामुळे झालेली घट कोणाच्या लक्षात येत नाही. माहुलमध्ये हे रोज ऐकायला मिळतं. सासरे जिताड्याच्या गोष्टी सांगतात, नवरा बोय आणि कोळंबीच्या, आणि माझ्या मुलाला खाडीत निवट्या आहेत एवढंच पुरेसं वाटतं. तिघेही आपापल्या जागी खरं बोलतात.

८. जिथे डुबकी मारता येत नाही तिथे टोपली मोजा

माहुलच्या पाण्यात टेप अंथरणं अशक्य आहे. पण मालवणला शिकलेली शिस्त इथे जशीच्या तशी लागू पडते. मी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, होड्या लागतात तेव्हा जेटीवर उभी राहते. टोपली ओतली की वाटे घालायच्या आत जाती लिहायच्या. प्रत्येक जातीतला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा नग फळीवर ठेवून मोजायचा. फळीला एका टोकाला पट्टी ठोकली आहे, माशाचं तोंड तिला टेकवलं की शेपटीच्या टोकापाशी सेंटिमीटर वाचता येतात. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली, तेव्हापासून या फळीकडे लोक जरा सावधपणे बघतात. मी कोणाला लांबीवरून काही बोलत नाही. बोलले तर पुढच्या आठवड्यात टोपली माझ्यासमोर ओतली जाणार नाही.

मासा किती आला यापेक्षा किती मेहनतीत आला हे महत्त्वाचं. म्हणून जाळं कुठलं, डोल की बोकशी की पाग, ते किती वेळ पाण्यात होतं, होडीवर किती माणसं, आणि तिथी, हे लिहायचंच. तिथी यासाठी की डोल ओढीवर चालते, आणि उधाणाच्या ओढीतला मासा आणि भांगातला मासा यांची तुलनाच होत नाही. भरतीचं गणित सोपं आहे. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीचा तास येतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला साधारण सव्वाअकरा-बारा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. आजकाल मोबाइलवर तक्ते मिळतात, पण नाखवा तिथीच सांगतो, म्हणून मीही तिथीच लिहिते.

होडी रिकामी आली तरी नोंद होते. त्यावरून एका नाखव्याने मला विचारलं होतं, ‘आज म्हावरा नाय, मंग तू लिवतस काय?’ मी वही दाखवली. जाळं डोल, दोन माणसं, तिथी दशमी, मासा शून्य. त्याने वही हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि दोन माणसांच्या जागी तीन करायला लावलं, कारण त्याचा भाचाही होता.

चिखलातली मोजणी वेगळी. ओहोटीला निवट्या बिळांतून बाहेर येतात, ओल्या कातडीतूनही श्वास घेतात, परांवर सरकतात आणि सावली पडली की गायब. त्या मोजता येत नाहीत, म्हणून मीटरभर चौकटीतली बिळं मोजते. जेटीच्या कठड्यावरूनच, कारण माहुलचा चिखल मांडीपर्यंत घेतो.

आता थोडं आडवळण. हिवाळ्यापासून मेपर्यंत याच जेटीवर शहरातले लोक लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन येतात, फ्लेमिंगो बघायला. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. शिवडी-माहुलचा चिखल त्या हद्दीबाहेर पडतो, तरी पक्षी हद्द बघून उतरत नाहीत. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची माणसं ते पक्षी मोजतात, वर्तमानपत्रात आकडा छापून येतो, आणि अटल सेतूची चर्चा झाली तेव्हाही पक्ष्यांचं नाव निघालं. चांगलंच झालं. पण त्याच चिखलात, पक्ष्यांच्या पायांशी, जे काही आहे त्याचा आकडा कोणी मागत नाही, कारण ते गुलाबी नाही आणि उडत नाही. मला फ्लेमिंगोंचा राग नाही. त्यांच्या निमित्ताने आलेल्या दोन मुली आता दर आठवड्याला फळी धरायला येतात.

९. पाण्यात उतरायच्या आधी लिलावावर जा

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटरचा. स्थानिक मच्छीमारांनी त्याला कायम विरोध केला, कारण आपलं पाणी जाईल ही धास्ती. अशा गावात पाटी घेऊन पाण्यात उतरणारा माणूस कोण वाटणार? सरकारचा. पहिल्या खेपेला मासळीच्या लिलावावर एका रापणकराने तोंडावर विचारलं, ‘मोजून काय करतलंस? उद्या आमचीच जाळी बंद करतले.’

यावर तयार उत्तर नाही. मी खोटा दिलासा दिला नाही. मी कोळ्याची, माहुलची, एवढं सांगितलं आणि कोरा फॉर्म दाखवला. त्यावर तासभर वाद झाला, पण वाद माशांवर झाला. कुठल्या महिन्यात कुठला मासा खडकाला येतो, पर्ससीनवाले आल्यापासून बांगड्याचं काय झालं, कुठल्या खडकाला कोणाच्या आजोबाने काय नाव दिलं. आमच्या जागांपैकी निम्म्या त्या तासाभरातून निघाल्या. अभयारण्याच्या हद्दीत अभ्यास करायचा तर वनविभागाची परवानगी लागते, ती कागदाची झाली. माणसांची परवानगी लिलावावरच मिळते.

१०. जागेचा पत्ता देऊ नका

मोठ्या गोब्र्याचं बीळ सापडलं की फोटो टाकायचा मोह होतो. टाका, पण जागा टाकू नका, मागच्या खडकाची ओळखीची कड फोटोत येऊ देऊ नका आणि मोबाइलमधलं ठिकाण बंद ठेवा. मासा घरकोंबडा असतो, तो त्याच बिळात सापडतो.

११. आकडे परत करा

मोजलेलं कुठे जातं हा प्रश्न रास्त आहे. केमन बेटांवर नासाऊ गोब्रे हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या सुमारास एका जागी अंडी घालायला जमतात आणि तिथेच ते मारले जात. ‘रीफ’चे स्वयंसेवक आणि तिथलं पर्यावरण खातं २००१ पासून एकत्र मोजू लागले, सरकारने त्या जागी मासेमारीवर बंधनं घातली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथला थवा तिपटीहून अधिक वाढल्याचं दिसलं. मुंबईतही ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७ पासून ओहोटीला किनारे फिरतात आणि दिसेल तो जीव फोटोसह नोंदवतात. गिरगाव, हाजी अली, जुहू. हाजी अलीच्या आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहेत, हे अनेक मुंबईकरांना या भटकंतीतूनच कळलं. कायद्याने संरक्षित असल्यामुळे कोस्टल रोडच्या वाटेत आलेल्या प्रवाळवसाहती हलवाव्या लागल्या. हलवणं हा उपाय पुरेसा होता का यावर माझं मत वेगळं आहे, पण त्या तिथे आहेत हेच माहीत नसतं तर तेवढंही झालं नसतं.

तरी आकडे फक्त वर, खात्यांकडे आणि शास्त्रज्ञांकडे पाठवत राहिलं तर ज्यांच्या पाण्यातून ते काढले त्यांच्या हाती काहीच येत नाही. म्हणून मोसम संपला की आम्ही मालवणला एक पानी तक्ता छापून देतो. मराठीत, मोठ्या अक्षरात, शून्यांसकट. माहुलला तसाच तक्ता मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर लागतो. लोक तो वाचतात आणि चुका काढतात. मांदेली एवढी नव्हती, वाम लिहायची राहिली, तो शिंगाळा नाही दुसरा. चुका काढणाऱ्यांपैकी एका नाखव्याने गेल्या पावसाळ्याआधी मोठाच आक्षेप घेतला. म्हणाला, जाळ्यात येतं त्यातलं तू निम्मंच लिहितेस. पिशव्या, दुधाचे पाउच, चपला, थर्माकोल निवडायला दोन माणसांचा अर्धा दिवस जातो, तो तुझ्या तक्त्यात कुठे आहे? त्याच्या हिशेबाने तीही मेहनतच होती. आम्ही फॉर्म बदलला. पद्धतीला हात लावायचा नाही म्हणणारी मीच, पण हा बदल मान्य केला, कारण जुना एकही रकाना हलला नाही. आता शेवटी ‘कचरा, किलो’ असा नवा रकाना आहे, वजनाचा काटा नाखव्यांनी वर्गणी काढून आणला आहे आणि या रकान्यात आजपर्यंत एकदाही शून्य लिहावं लागलेलं नाही.